खानोलकरांची तीन मिनिटं

खानोलकर फायनल एक्झिटवर निघाले
तेव्हा कँपात ठरलं,
गुरुवारी रात्री मेसच्या भिंतीवर त्यांचा व्हिडिओ दाखवायचा.
तीन मिनिटांचा. तुला जमतं ना रे ते, बार्शीकर?

जमतं. दिवसा मी प्लांटवरचे सेफ्टीचे फलक मोजतो,
रात्री लोकांच्या बारशा-मुंजींचे तुकडे जोडून देतो.
त्यांचं खातं उघडलं, नऊ वर्षं मागे गेलो.
गुलाब.
गुलाब, त्यावर दव, त्यावर सुप्रभात.
गुलाब, कबुतर, मोरपिसावर सुविचार
आणि खाली कुडाळच्या कुठल्याशा पतपेढीची जाहिरात.
सत्तावीस वर्षं क्रेन चालवणारा माणूस
आणि क्रेनचा एक फोटो नाही!
जुबैलचा समुद्र नाही, वाळू नाही,
स्वतःचं तोंडसुद्धा नाही.

वैतागून सगळे गुलाब एका फोल्डरात लोटले
आणि चुकून क्रम लागला, वेळेनुसार.

पहाटे तीन पन्नास. तीन पन्नास. तीन बावन्न.
म्हणजे पहिली पाळी, साडेचारची बस.
मग महिनाभर सुप्रभात संध्याकाळी पाचला:
रात्रपाळी.
जून अर्धा सरला की एक जादा गुलाब, दुपारी सव्वाबाराचा.
बारा ते तीन उन्हातलं काम बंद असतं,
कंटेनरच्या सावलीत पुठ्ठा टाकून
थंड लबनची बाटली मानेला लावून बसले असतील.
रमजानात सगळ्याच वेळा सरकलेल्या.
एका मार्चमध्ये रात्री एक, दोन, अडीच, पुन्हा तीन,
एकाच रात्रीत पाच गुलाब,
आणि दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी लिहिलेलं:
अभिनंदन, आजोबा.

मी खुर्चीत सरळ बसलो.
हजेरीपटच होता हा.
कंपनीकडेही इतका नेटका नसेल.

दोन हजार एकोणीस. ऑगस्ट.
नऊ तारखेनंतर एकदम एकवीस.

मध्ये काय झालं ते त्यांच्याकडे नव्हतं.
इतरांच्या भिंती खरवडत बसलो,
शेवटी दिलबहादूरकडे सापडलं, पोखऱ्याचा, रिगर:
पांढरी चादर, बाहेर दोन पावलं, डाव्या टाचेला भेग,
स्टुलावर संत्र्याच्या रसाचा डबा, न फोडलेला.
खाली नेपाळीत एक ओळ आणि जोडलेले हात.
पाय मी ओळखले. शेजारच्या कॉटवर रोज असतात.

आता माझ्याकडे गोष्ट होती.
भराभर गुलाब, पाळ्या, ऋतू,
मग काळा पडदा, अकरा सेकंद, आवाज बंद,
मग ते पाय,
मग एकवीस तारीख, तीन पन्नास, पुन्हा गुलाब.
अख्खी मेस रडली असती.
खोटं कशाला बोलू, पहाटेपर्यंत
मी तो तुकडा स्वतःच सात वेळा पाहिला.

बुधवारी त्यांना दाखवला.
खबूसचा तुकडा डाळीत बुडवलेला, तसाच हातात राहिला.
डाळ लुंगीवर ठिबकली.
"कसलो हुशार रे तू," म्हणाले.
मग बराच वेळ एसीचीच घरघर.
"ते अकरा दिवस काढ.
बायल बघतली.
तिका सांगितलंय, नेट नाय होतां म्हणान."

काढले.
नऊचा गुलाब, एकवीसचा गुलाब,
कडेला कड लावली.
सांधा दिसत नाही. दोन्हीकडे तेच दव.

गुरुवारी शिट्ट्या, टाळ्या, हशा.
अहो खानोलकर, किती हे गुलाब, दुकान टाका आता!
ते पुढच्या खुर्चीत मान हलवत होते.
दोन मिनिटं सहा सेकंदांवर
दिलबहादूरने तेवढं मागे वळून
माझ्याकडे पाहिलं.